पूर्वीचं नाव

गावातली वकिलांची फर्म एका मोठ्या फर्ममध्ये विलीन होऊन सात आठवडे झाले होते. दारावरची जुनी पाटी निघाली, तिच्या स्क्रूंची चार भोकं मागे राहिली, आणि नवी पाटी इतकी लहान की भोकं झाकलीही जाईनात. मोठे कारकून रोज त्या भोकांकडे बघून म्हणत, "लग्न त्यांचं झालं आणि माहेर आपलं सुटलं."

मुख्य कार्यालयानं एक तक्ता पाठवला होता. चालू असलेल्या प्रत्येक दाव्यासाठी तीन रकाने: अशील, विरुद्ध पक्ष, विरुद्ध पक्षाचं पूर्वीचं नाव. तिसरा रकाना सगळे मोकळाच सोडत. धाकट्या वकीलबाईला ते जमेना. कंपनीच्या भट्टीवर काम करून फुप्फुसं गेलेल्या भट्टीवाल्या काकांच्या भरपाईच्या दाव्यापुढे तिनं त्या कंपनीची दोन्ही जुनी नावं शोधून लिहिली. त्यातलं दुसरं नाव मुख्य कार्यालयाच्या अशिलांमध्ये निघालं. सोमवारी ती ओळ लाल झाली.

"एका फर्मला दोन्ही बाजूंनी उभं राहता येत नाही," साहेब म्हणाले. "काकांचं वकीलपत्र मागे घ्यायचं."

"साहेब, अकरा दिवसांवर साक्ष आहे. डॉक्टर सहा वर्षांनी यायला तयार झालेत."

"माहीत आहे."

"मग त्यांनी सोडावं की कंपनीला."

"हत्तीला कुणी सरक म्हणतं का?" साहेब खिडकीकडे बघत राहिले. "खोटं लिही असं कुणीच म्हटलं नसतं, पोरी. थोडं कमी लिहिलं असतंस तरी चाललं असतं. काकांना तूच सांग. तुझं ऐकतील."

काका मंगळवारी आले. जिना अठ्ठावीस पायऱ्यांचा. ते तीनदा थांबत आणि प्रत्येक थांब्याला खोकत. तिसरा खोकला ऐकला की ती खुर्ची ओढून ठेवी. आज खुर्ची आधीच ओढलेली होती.

बसल्याबसल्या त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "फुंकायची तपासणी पुन्हा केली. मागे फुप्फुसं एकेचाळीस टक्के चालत होती, आता अडतीस." चेहरा खुलला होता. "आपल्या बाजूनं चांगलंच ना?"

तिनं कागद घेतला. मग सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबली असती तर पुढचं वाक्य आलं नसतं.

काका हसायला लागले. हसण्याचा खोकला झाला, तो बराच वेळ चालला. "म्हणजे सहा वर्षं मी शत्रूच्याच घरी चहा पितोय?"

"सहा वर्षं नाही काका. सात आठवडे."

"एवढ्या दिवसांत कुणाला कळलं नाही, आत्ताच कसं कळलं?"

"यादीत कंपनीचं जुनं नाव निघालं."

काकांनी पाकिटातून कामावरचं पिवळं पडलेलं ओळखपत्र काढलं आणि त्यावरच्या कंपनीच्या नावावर बोट ठेवलं. "हे?"

"हेच."

"हे तर मीच दाखवलं होतं तुला. पुराव्याला उपयोगी पडेल म्हणून." त्यांचं बोट तिथंच राहिलं. "म्हणजे माझंच चुकलं."

"नाही हो काका. तक्त्यात लिहिलं मी. कुणी विचारलंही नव्हतं."

"तू बरोबरच लिहिलं असशील," काका म्हणाले. "तुझं कधी चुकत नाही, म्हणून तर साहेबांना सोडून तुझ्यापाशी बसतो."

तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"दुसरा कुणी चांगला वकील?"

"मला नाव सुचवता येत नाही. नियम आहे." आणि गावातल्या इतर दोन वकिलांनी कंपनीचं नाव ऐकूनच सहा वर्षांपूर्वी हात वर केले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मोठे कारकून काकांच्या फाईलींचं खोकं घेऊन पुढे उतरले. काका मागून, कठड्याला धरून. ते गेल्यावर तिला टेबलावर तो कागद दिसला. ती धावत खाली गेली. काका मधल्या वळणावर, भिंतीला पाठ लावून श्वास गोळा करत होते.

"काका, रिपोर्ट राहिला."

त्यांनी कागदाकडे बघितलं, हात पुढे केला नाही.

"ठेव तुझ्याकडेच. आता कोर्टात कोण मागणार आहे?"

ते उरलेल्या पायऱ्या उतरले. दार लागल्याचा आवाज आला. ती वर आली, सवयीनं काकांच्या फाईलीचा कप्पा ओढला आणि तो रिकामा बघून कागद हातात धरून तशीच उभी राहिली.