पार्सलचा गाडा

व्हॅनवाला आणि आमचा अध्यक्ष यांची वेशीवर सकाळी सकाळीच जुंपली. साथ आल्यापासून गावकमिटीनं रस्त्यावर काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं होतं आणि बाहेरचं चाक आत घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. व्हॅनवाला म्हणत होता, माल तुम्हीच मागवता, मग तो घरी न्यायचा कुणी? अध्यक्ष म्हणत होता, माल येईल, माणूस येणार नाही. त्या मालात अध्यक्षाचंच चालायचं मशीन होतं. ज्याचं शेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुडवायला अख्खी सकाळ जाते, त्यानं घरात जागच्या जागी चालायचं मशीन मागवलं होतं.

पण एकट्या अध्यक्षाला हसून काय उपयोग? खूळ सगळ्या गावालाच लागलं होतं. बाजार बंद, पाहुणे बंद, जाणंयेणं बंद. माणूस घरात बसला, हातात फोन आला आणि फोनात दुकान. भाजी शेतातच सडत होती, दूध ओतून द्यावं लागत होतं, तरी कुणी कढया मागवत होतं, कुणी खेळणी. हजामाचं दुकान बंद म्हणून घरोघर केस कापायची मशिनं आली आणि बिचारा हजाम दारात बसून ती खोकी जाताना बघत राहिला. मीही मागं नव्हतो. चिखलात घालायला मी गमबूट मागवले होते.

वेशीपासून घरोघर माल पोचवायला माणूस हवा होता आणि शिंपी मोकळाच होता. त्याचं घर माझ्या घराला लागून, मधे एकच भिंत. त्याच्या मशीनची खडखड ऐकल्याशिवाय मला दुपारची झोप लागायची नाही. आता शाळा बंद म्हणून गणवेश नाहीत, समारंभ बंद म्हणून नवे कपडे नाहीत. काजबटणं करणारी त्याची बायको, आमची वहिनी, रिकाम्या हातानं उंबऱ्यात बसलेली दिसायची. कमिटीनं त्याला एक हातगाडा दिला. चूल पेटायची सोय झाली म्हणून नवराबायकोला बरंच वाटलं. पहिल्या दिवशी त्यानं जी खोकी वाटली, त्यांतली निम्मी तयार कपड्यांची होती. ज्यांच्या कमरेची मापं त्याला तोंडपाठ होती, त्यांच्याच दारात त्यानं ती नेऊन ठेवली.

लोक त्याला फाटकाबाहेर थांबवायचे. उंबऱ्याशी ठेव आणि मागं सर, म्हणायचे. पिकावर फवारायचा पंप काढून आधी खोक्यावर मारायचे, मग त्याच्यावर. तो डोळे मिटून उभा राहायचा. एकदा गवळ्याच्या बायकोनं नवऱ्याचा आलेला शर्ट काठीनं त्याच्याकडं ढकलला आणि बाह्या तेवढ्या आखूड करून दे, तुला काय आता वेळच वेळ, असं सांगितलं. त्यानं त्या करून दिल्या.

महिन्याभरात वहिनीला ताप भरला. त्याला काही झालं नाही, तिला झालं. तीन दिवस मी भिंतीपलीकडून खोकला ऐकत होतो. चौथ्या दिवशी तिला श्वास पुरेना. त्यानं दवाखान्यात फोन केला, त्यांनी गाडी पाठवली आणि तो अध्यक्षाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. अध्यक्ष वरच्या गच्चीतून बोलला.

"गाडी दारापर्यंत येऊ द्या," शिंपी म्हणाला. "तिला चार पावलंही टाकवत नाहीत."

"आज तुझ्यासाठी कुंपण काढलं तर उद्या कुणाला अडवू? तू तिला वेशीपर्यंत आण."

"कशी आणू?"

"गाडा आहे की तुझ्याकडं."

हे तो रागानं बोलला नाही. अडलेल्याला सोपी वाट दाखवावी, तसं बोलला.

शिंप्यानं गाड्यात गोधडी अंथरली, वहिनीला उचलून निजवलं आणि ऊन लागू नये म्हणून तिच्या डोक्यावरून चादर ओढली. भर दुपार होती, रस्त्यावरची धूळ तापून पांढरी पडली होती. गाड्याचं चाक करकरलं आणि त्या आवाजानं मी दार उघडलं. तीन दिवस कानांनी सगळं ऐकलेला मी, पण तोंडातून निघालं ते हेच:

"दादा, माझे गमबूट आले का?"

चादर हलली. वहिनीनं तोंडावरून ती बाजूला केली, माझ्याकडं बघितलं आणि धापा टाकत म्हणाली, "नाही आले, भावजी."

पुढं वेशीपर्यंत तेच झालं. चाक करकरत जाईल तसतशी दारं उघडत गेली. गवळ्याच्या बायकोनं कढई विचारली, मास्तरनं चष्मा विचारला. चादरीखाली काय आहे ते दिसलं की दारं लागत. शिंपी मान खाली घालून गाडा ओढत राहिला.

दवाखान्यात पाचव्या दिवशी वहिनी वारली. त्याला तोंडही बघू दिलं नाही. पुढचे पंधरा दिवस कमिटीनं त्याला घरात कोंडलं. मी त्याच्या उंबऱ्याशी जेवणाचं ताट ठेवायचो आणि मागं सरायचो.

वेशीवर खोक्यांचा ढीग साचला. वाऱ्यानं काही फाटली, काही कुत्र्यांनी ओढली. दुसरं कुणी हात लावायला तयार होईना. सोळाव्या दिवशी अध्यक्षानं निरोप धाडला, कामावर ये. मला वाटलं, हा गाडा पेटवून देईल. तो आला. पोट कुणाला सुटलंय?

पण त्या दिवसापासून तो खोकं खाली ठेवीना. फाटकाशी उभा राहून दोन्ही हातांनी पुढं धरायचा आणि म्हणायचा, "हातात घ्या." कुणी पंप आणला तरी हलायचा नाही. नाहीतर परत जाईल, एवढंच सांगायचा. गवळ्याच्या बायकोनं घेतलं, मास्तरनं घेतलं, मीही घेतलं. मान वर करून त्याच्याकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

अध्यक्षानं दोन दिवस नाही म्हटलं आणि दोन्ही दिवस त्याचं खोकं वेशीवर परत गेलं. तिसऱ्या दिवशी तो हातमोजे चढवून गच्चीवरून खाली आला, फाटक उघडलं आणि हात पुढं केले. शिंप्यानं खोकं दिलं, पण लगेच सोडलं नाही. ते मधे धरून दोघं उन्हात उभे राहिले, आणि अख्खी गल्ली दारांतून बघत होती.