हळू चालवायची शपथ

"हळू चालव म्हनले, त्यात काय वंगाळ केलं मी? आई हाय का वैरीन हाय त्याची?"

मालनबाईनं हातातली केरसुणी भिंतीवर आपटली. मच्छिंद्र दारातच उभा होता. सहा मैल सायकल हाणल्यानं सदरा पाठीला चिकटलेला. अंगणात पडलेल्या सायकलीचं मागचं चाक अजून फिरत होतं.

"वंगाळच केलं. शपथ सोडव."

"न्हाई सोडवनार. मौत का कुवा म्हनं! नावातच मौत हाय. सावकाश तरी फिरवंल फटफटी."

"सावकाश फिरवली तर पडंल तो! किती डाव सांगू?"

"सातवीतनं पळालेलं येडं, मला शिकवतंय."

मच्छिंद्रनं उंबऱ्याला लाथ घातली. अंगठा ठणकला, पण त्यानं तोंड वाकडं केलं नाही.

सहा मैलांवरच्या जत्रेत रज्जाकभाईंचा मौत का कुवा लागला होता. फळ्यांची गोल भिंत, दोन पुरुष उंच, आणि तिच्यावर आडवी पळणारी फटफटी. मच्छिंद्रचा थोरला भाऊ गोरक्ष चार महिने रज्जाकभाईंकडं फटफट्या पुसता पुसता भिंतीवर चढायला शिकला होता. आज चारच्या खेळाला तो पहिल्यांदा लोकांसमोर चढणार होता. भोंग्यावरून सकाळपासून त्याचं नाव पुकारत होते.

परवा तो घरी जेवायला आला, तेव्हा आईनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. हळू चालवीन म्हण. गोरक्ष म्हणाला, चालवीन. आणि गोरक्ष म्हणाला म्हणजे संपलं. अशाच शपथेवर त्यानं तंबाखू सोडली होती, त्याला पाच वर्षं झाली. लोकांनी तोंडापुढं डबी धरली तरी शिवला नाही.

आज सकाळी तालमीला फटफटी भिंतीवर चढली आणि दुसऱ्याच फेरीला हातभर खाली घसरली. फळ्या खडाखडा वाजल्या. "रेस दे! अरे रेस दे!" रज्जाकभाई वरून ओरडत होते. गोरक्ष कसाबसा तळाला उतरला. काय झालं ते त्यानं रज्जाकभाईंना सांगितलं नाही. मच्छिंद्रला सांगितलं.

"मग सुटली समज शपथ," मच्छिंद्र म्हणाला होता.

"तुझ्या तोंडानं न्हाई सुटत. आईनं सोडवली पायजे."

ते खरंच होतं. आईच्या नावावर मच्छिंद्रनं आजवर इतक्या थापा मारल्या होत्या, की त्याच्या तोंडाला आता किंमत नव्हती.

"चल तू माझ्यासंगं," तो आता आईला म्हणाला. "सोताच सांग त्याला."

"मला न्हाई बघवायचं ते." मालनबाई खाली बसली. "आन पडतोय कशानं? तावीज बांधलाय की फटफटीला. त्यानंच चिकटून ऱ्हाती. शेजारची छबूबाई म्हनत हुती, चाकात लोहचुंबक बी हाय."

"भित लाकडाची हाय! लाकडाला लोहचुंबक चिकटतं व्हय? त्या छबूबाईच्या डोक्याला लावून बघ, तितं तरी चिकटतंय का."

आई हसली नाही.

त्यानं चुलीजवळचं पातेलं ओढलं, खिशातली गोटी आत टाकली आणि पातेलं गरागरा हलवलं. गोटी कडेनं वर चढली, पार काठाखाली जाऊन घुमायला लागली.

"बघ. हिला कुनी तावीज बांधला? रज्जाकभाई म्हनतो, भित कुनाला धरत न्हाई, जोर धरतो. आता मी हळू करतो."

हात मंदावला. गोटी खाली खाली येत टणकन तळाला पडली.

मालनबाईनं पातेलं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"गोटी हाय ती," ती म्हणाली. "गोटीला आई नसती."

हमरस्त्यावर सोलापूरच्या एस्टीनं भोंगा दिला. तीन वाजले. मच्छिंद्रला काय करावं कळेना. आईला धरून हलवावं असं वाटलं, म्हणून त्यानं हात पाठीमागं घेतले. इकडं तिकडं बघताना खुंटीवरचा पोहरा दिसला. आड आटल्यापासून तो तिथंच टांगलेला होता, दोरीसकट. त्यानं तो काढला आणि हंड्यात बुडवला.

"आरं आरं! टँकर परवा हाय! दीड हंडा ऱ्हायलाय!"

"थेंब सांडला तर मला जेवू घालू नको."

अंगणात जाऊन त्यानं दोरी आखूड धरली आणि पोहरा गरागरा फिरवला. डोक्यावरून, पायाखालून, परत डोक्यावरून. मालनबाई तोंडावर पदर धरून बघत राहिली. वर गेला की पोहऱ्याचं तोंड सरळ जमिनीकडं व्हायचं, तरी पाणी आतल्या आत. त्यानं तो झपकन खाली आणून थांबवला. तांबडी माती कोरडीच होती.

ती जवळ आली. पोहऱ्यात वाकून बघितलं.

"आता हळू कर."

"तुझं पानी जाईल."

"कर म्हनते ना."

मच्छिंद्रचा हात उचलेना. सकाळच्या त्या फळ्या त्याच्या कानात वाजत होत्या. मालनबाईनं त्याच्याकडून दोरी घेतली. आडावर जन्म गेलेली बाई, तिचा हात बरोबर बसला. दोन वेढे जोरात. तिसऱ्याला ती वर बघत राहिली आणि हात आपोआप सैल सोडला, लेकराला जपावं तसा.

पोहरा डोक्यावर आला आणि तिथंच अडला. सगळं पाणी तिच्या डोक्यावर, तोंडावर, छातीवर आलं. मागोमाग पोहरा दगडावर आपटला. केवढ्यानं तरी वाजला.

ती उभीच राहिली. हनुवटीवरून पाणी गळत होतं, मातीत पडलेलं माती पिऊन टाकत होती.  ती पोचा आलेल्या पोहऱ्याकडं बघत होती.

"म्या सांगितलं तसं त्यो सकाळी हळू..."

"व्हय."

मालनबाईनं ओला पदर दातात धरला आणि फाडला. दोनच लुगडी होती तिच्याकडं, त्यातलं हे बरं. वीतभर पट्टी तिनं मच्छिंद्रच्या मुठीत कोंबली.

"माजं लुगडं वळखंल त्यो. सुटली म्हनावं."

"जोरात चालव म्हनू?"

तिचे ओठ हलले, पण तो शब्द काही बाहेर आला नाही. तिनं नुसती मान डोलावली, दोनदा.

मच्छिंद्रनं पट्टी सायकलीच्या दांडीला बांधली. गाठ हातात बसेना, दोनदा सुटली. ऊन असं होतं की पट्टीची एक कड आताच वाळायला लागली होती. त्यानं टांग टाकली तशी मालनबाई धावत आली आणि मागून सीट धरली.

"मच्छू, रस्त्यानं टरका असत्यात, सायकल जरा ह—"

तिनं आपल्याच तोंडावर हात ठेवला.

"सोड आई," मच्छिंद्र म्हणाला. "मला निघाया पायजे आता."