लवणाऱ्या नावेची नळी

लाकडी लेव्हल, काचेत हिरवट बुडबुडा.

सात वर्षांची लीदा. पोहता येत नाही.

पाटीत झिंगे, वर ओलं फडकं.

पितळेचं बूच. कशाचं, ते सांगतो.

बासष्ट साली, भिलाईत, पोलाद कारखान्यातल्या आमच्या रशियन साहेबांनी सुट्टीच्या दिवसांत शिडाची नाव बांधली. मायदेशी परतण्याआधी लेकीला, लीदाला, मरोद्याच्या तलावावर फिरवायचं होतं. रविवार ठरला. नावेच्या तळात साचणारं पाणी उपसायला हातपंप होता; त्याची बाहेर जाणारी नळी बसवायचं काम माझं. मी केवलराम, पाइप फिटर, आधी रेल्वेत.

नळी मी लेव्हल लावून बसवली. पंपापासून बाहेरच्या भोकापर्यंत सुरेख उतार; भोक पाण्याच्या वर चार बोटं. शनिवारी सकाळी नाव काठाशी तरंगत ठेवून पंप मारला. पाणी भळाभळा बाहेर.

मासे विकायला निघालेली ठकूबाई थांबली. भंडाऱ्याकडची, तळ्याकाठी वाढलेली.

"भोक इतकं खाली कावून, भाऊ?"

पाण्याला उतार लागतो, मी म्हणालो. दहा वर्षं रेल्वेत पाइप टाकल्याचंही ऐकवलं.

"रेल्वे लवते का वाऱ्यानं?"

तिनं पाटी खाली ठेवली, डोलकाठीला दोर बांधला आणि काठावरून ओढला. नाव लवली. भोक बुडालं. तलावाचं पाणी माझ्याच नळीतून, पंपातून, आत येऊ लागलं. लेव्हलमधला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

"शीड भरलं का नाव अशीच चालते," ती म्हणाली. "आन् पोरगी बसनार हाये ना यात?"

लेव्हल पेटीत गेली. नळी पंपापासून सरळ वर, नावेच्या काठाखालपर्यंत नेली, तिथे वळसा दिला, तोंड नावेच्या मागच्या अंगाला, पार उंचावर काढलं. जुन्या भोकात पितळेचं बूच आवळलं. दर खेपेला नाव लववून बघायची. दोर ठकूबाईच्या हातात. ऊन कलेपर्यंत तिनं सोडला नाही.

रविवारी वारा होता. नाव एका अंगावर लवली, बूच पाण्याखाली गेलं, आणि लीदा हसत पंप मारत राहिली. वरच्या तोंडातून पाणी उडत होतं, नळीतून आत एक थेंब येत नव्हता.

काठावर उतरताच साहेबांनी माझा हात धरला. मी त्यांचा हात काठावर उभ्या ठकूबाईच्या हातात दिला. तिनं आधी लुगड्याला हात पुसला.

पुढे किती पाइप टाकले. प्रत्येक वेळी आधी मनात तिलाच विचारलं.

शनिवारचे तिचे झिंगे पाटीतच खराब झाले होते.