दुपारी एकच्या निधनवार्ता

विल्सन उम्पिएरेसने दूध काढायच्या मशिनचे चारही पेले गाईच्या सडांना लावले. गाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पान्हा चोरला. शेजारच्या गाईनेही तेच केलं. पाच मिनिटांत काचेच्या नळीतून जे दूध गेलं, ते एका माणसाच्या कॉफीला पुरलं असतं, तेही माणूस समजूतदार असता तर.

दुपारचा एक वाजला होता. बावीस वर्षं संध्याकाळचं दूध पाचला निघत आलं होतं. पण यंदा वीज पुन्हा महागली आणि पाच ते अकराचा दर जवळपास तिप्पट झाला. या साठ गाईंच्या मालकीण, नेलिदाबाई बेरुती, यांनी गोठ्याच्या भिंतीवर कागद चिकटवला: पाचनंतर एकही मोटर फिरणार नाही. आंघोळीच्या गरम पाण्याचा बंब कायमचा बंद झाला. दूध थंड करायच्या टाकीला संध्याकाळी वीज मिळेना, म्हणून तिच्याभोवती बाईंच्या दिवंगत नवऱ्याचा डोक्यातून घालायचा लोकरी पोंचो गुंडाळण्यात आला. तो टाकीलाच जास्त शोभतो, असं बाईंचं मत पडलं.

गाईंची वेळेबद्दल तक्रार नव्हती. डिसेंबरच्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्याच्या, उन्हाबद्दलही नव्हती. अडचण रेडिओची होती. पाच वाजता गावच्या रेडिओवर निधनवार्ता लागत. कोण गेलं, किती वर्षांचं होतं, दफन किती वाजता. निवेदक इतक्या सावकाश वाचायचा, की गेलेल्यालाही घाई वाटू नये. त्या आवाजावर गाई पान्हा सोडायच्या. दुपारी एक वाजता त्याच रेडिओवर चार माणसं फुटबॉलवरून भांडत असत.

"फुटबॉलवर गाई दूध देत नाहीत," विल्सनने बाईंना सांगितलं.

"मग तू बोल," बाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडाला वीज लागत नाही."

विल्सनने रेडिओ बंद केला आणि आदल्या आठवड्याच्या निधनवार्ता आठवून आठवून म्हटल्या. तिसऱ्या मयताला दूध उतरलं.

ते उतरणं भाग होतं. रोजचं दूध आठशे लिटरच्या खाली गेलं तर हमरस्त्यावरून टँकर आत वळणार नाही, असं डेअरीने कळवलं होतं. टँकर नाही तर गोठा नाही, आणि गोठा नाही तर गोठ्यामागची खोलीही नाही. विल्सन त्या खोलीत राहत होता, आणि दुसरीकडे कुठे राहता येतं का, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात दूध नऊशेवर गेलं आणि मयतं संपली. गाव छोटं. आठवड्याला दोन जात, फार तर तीन. तीच नावं चौथ्यांदा ऐकताना गाई कंटाळतात, असं विल्सनचं ठाम मत झालं होतं. मग त्याने जिवंत माणसं घ्यायला सुरुवात केली. आधी ज्यांच्याशी बोलणं नव्हतं ती, मग दूरचे नातेवाईक, मग बेकरीवाला ओल्मेदो.

टँकरचा ड्रायव्हर आदेमार त्या वेळी नळी जोडत होता. त्याने काही न विचारता टोपी काढली आणि गावात पोचल्यावर बेकरीत फुलं पाठवली. ती ओल्मेदोने स्वतः सही करून घेतली. दुसऱ्या दिवशी तो पिठाच्या एप्रनसकट गोठ्यात आला.

"मारलंस ते एक वेळ ठीक," तो म्हणाला. "पण अल्पशा आजाराने? लेका, मी काय कोंबडी आहे? जरा वजनदार काहीतरी दे."

विल्सनने त्याला दीर्घ आजार दिला, शिवाय अंत्ययात्रेला बँडही दिला. ओल्मेदोने शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं आणि डोळे पुसले. त्या दिवशी दूध साडेनऊशे लिटर भरलं.

मार्चपर्यंत विजेचं बिल उतरलं होतं आणि दूध चढलं होतं. इतका व्यवस्थित गोठा पाहून रस्त्यापलीकडचे लासाल्दे तो विकत घ्यायला आले. त्यांच्या छपरावर उन्हावर वीज बनवणारी तावदानं होती आणि दूध यंत्रमानव काढत. विजेचा दर त्यांना परदेशातल्या हवामानासारखा कानावर येई.

बाईंनी माते, म्हणजे तिकडचा कडू चहा, भरून पेला विल्सनपुढे केला, तेव्हाच त्याला काहीतरी झाल्याचं कळलं. एरवी तो स्वतःचा स्वतः भरून घ्यायचा. बाईंनी सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी दर आणखी वाढणार, त्यांचं वय झालं. जमीन गेली, साठही गाई गेल्या. खोली महिनाअखेरपर्यंत त्याचीच.

"त्यांच्याकडे माणूस लागत नाही," बाई म्हणाल्या. "पेले आपोआप लागतात."

"आणि पान्हा?"

"त्याचीच त्यांना काळजी." बाईंनी फोन उपड्या बादलीवर ठेवला. "अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग पुरेल म्हणाले."

विल्सनने बादली आणखी जवळ ओढली. मग त्याने विचारलं, जिवंत माणसं चालतील का खरे मेलेलेच हवेत. हे आपण विचारलं नाही, बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबलं.

तो बोलला. गावातली निम्मी माणसं गेली, वय, आजार आणि दफनाच्या वेळेसकट. कुणाचीही घाई केली नाही. अर्धा तास झाल्यावर बाईंनी फोन उचलून खिशात टाकला आणि त्याच्याकडे न पाहता दाराकडे निघाल्या.

"बाई," विल्सन म्हणाला, "पुन्हा घेऊ. मध्येच मला खोकला आला. तिकडे गाई बिचकतील."

बाई थांबल्या. मग परत आल्या आणि फोन त्यांनी होता तिथे ठेवला.