खराब झालेली अकरा कार्डं

बँकेने मला रत्नागिरीच्या शाखेत पाठवलं ते माणसं मोजायला. कागदावर त्याला ‘कामकाजाचं एकदिवसीय निरीक्षण’ म्हटलं होतं. साल २००१, नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. सोमवारपासून शाखेत कॉम्प्युटर सुरू होणार होता, आणि त्याआधी पुण्याच्या मोठ्या साहेबांना जाणून घ्यायचं होतं की तिथली अकरा माणसं दिवसभर करतात तरी काय. मी वही, दोन पेनं आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन पावणेदहाला हजर झालो.

शिपाई धाकूने तिजोरीच्या दाराजवळ खुर्ची टाकली. “इथनं सगळं दिसतं, सायेब,” तो म्हणाला. इथून मीही सगळ्यांना दिसतो, हे त्याने सांगितलं नाही.

माणूस कोणाच्या नजरेखाली फार तर चाळीस मिनिटं चांगला वागतो, हा माझा सतरा वर्षांचा हिशेब. पहिला अर्धा तास शाखा एखाद्या लग्नाच्या फोटोसारखी बसली होती. कॅशियर आत्माराम भाटकर नोटा देवाला फुलं वाहावीत तशा मोजत होता. बचत खात्याच्या दमयंती सुर्वेबाई येईल त्या गिऱ्हाइकाला ‘बसा ना’ म्हणत होत्या, आणि गिऱ्हाईक बिचारं घाबरून उभंच राहत होतं. चाळिसाव्या मिनिटाला भाटकर ओरडला, “धाकू, मेल्या, माझा शिक्का कुठं नेलास?” मी वहीत लिहिलं : १०.२५, कामकाज सुरळीत सुरू.

खिडकीबाहेर माडांच्या झावळ्या हलत होत्या आणि त्यांची सावली लेजरांच्या कपाटावरून हळूहळू सरकत होती. भाट्याच्या किनाऱ्याकडून खारा वारा यायचा, टेबलावरचे कागद श्वास घेतल्यासारखे उचलले जायचे, मग पुन्हा पडायचे. शिक्क्यांचा धप्प धप्प आवाज एका लयीत चालला होता. मला वाटतं मी डोळे मिटले नव्हते, पण १०.४१ ते १०.४७ या वेळात माझ्या वहीत काहीच नाही.

मग एकाएकी सगळं थांबलं.

शिक्के थांबले. धाकूने भिंतीशी जाऊन पंखा बंद केला. भाटकरने हातातली नोट तशीच धरून ठेवली. रांगेतली माणसंसुद्धा गप्प झाली, एकाने तर खोकला तोंडातच दाबला. आख्खी शाखा पाण्याखाली गेल्यासारखी झाली. मला वाटलं, लाइट गेली. पण कॅशच्या पिंजऱ्यातला बल्ब चालू होता.

खिडकीशी एक छोटं टेबल होतं. तिथे पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली सत्तरीची एक बाई वाकून काहीतरी लिहीत होती. सगळे तिच्या हाताकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. मिनिटभराने ती मागे टेकली.

“गेली,” ती म्हणाली.

“जाऊ दे चाची, पुन्हा येईल,” सुर्वेबाई म्हणाल्या. पंखा सुरू झाला. धप्प धप्प सुरू झालं.

बारा वाजेपर्यंत असं चार वेळा झालं. मी वेळा मांडल्या : एकूण नऊ मिनिटं, गुणिले अकरा माणसं, म्हणजे नव्व्याण्णव मिनिटं कोणीही काहीही केलं नाही. पुण्याला नेमकी अशीच माहिती हवी होती. तरी कारण लिहिल्याशिवाय आकडा पाठवायचा नाही, ही माझी सवय. मी सुर्वेबाईंच्या टेबलाशी गेलो.

“ही कोण?”

“कुलसुम चाची.” बाईंनी आवाज खाली आणला. “सोमवारी कॉम्प्युटर येतोय ना सर, म्हणून सगळ्या खातेदारांच्या सह्या नव्या कार्डांवर घेतोय. एका कार्डावर तीन सह्या. तिन्ही एकसारख्या पाहिजेत आणि जुन्या कार्डाशीही जुळल्या पाहिजेत. आज शेवटचा दिवस. चाचीचा हात कापतो.”

“मग अंगठा घ्या.”

सुर्वेबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या डब्यातला मासा न विचारता उचलला होता.

“अंगठा घेतला की दर वेळी ओळखीचा साक्षीदार आणावा लागतो. बँकेतल्या माणसाची साक्ष चालत नाही. म्हणजे घरातलं कोणीतरी बरोबर यायचं. मग पैसे किती काढले, कशाला काढले, सगळं घरी कळायचं. आणि घरी कळलं की रुबिनाचं कॉलेज बंद.”

रुबिना ही नात. मुंबईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिचा बाप, चाचीचा मुलगा तन्वीर, कुवेतला, आणि त्याला वाटायचं मुलगी मुंबईला मावशीकडे राहून शिवणकाम शिकते आहे. फी जात होती चाचीच्या माडांच्या उत्पन्नातून, या खात्यातून, या सहीवर. हे मुलाला सोडून जवळपास सगळ्या शाखेला ठाऊक होतं. बँकेत खात्याची गुप्तता पाळतात म्हणतात ती अशी.

“सही बदलायचा अर्ज घ्यायचा मग,” मी म्हटलं.

“मॅनेजरसाहेबांनी ते कधीच सुचवलं. पण आजची कापरी सही पुढच्या महिन्यात स्वतःशीच जुळायची नाही. आणि चाची तयारही नाही. बघायचंय तुम्हाला जुनं कार्ड?”

कार्ड १९७१चं होतं, कडा पिवळ्या. ‘कुलसुम सुलेमान’. अक्षरं लहान मुलासारखी गोल आणि सुटी सुटी, पण शेवटच्या ‘न’पासून एक रेघ निघाली होती ती बोटीच्या दोरासारखी लांब, ऐटीत, पार कार्डाच्या काठापर्यंत. सुलेमान बोटीवर खलाशी होता. लग्नानंतर बावीस दिवसांच्या सुट्टीत त्याने पेटीच्या झाकणावर खडूने तिला एवढंच लिहायला शिकवलं. दुसरं काही लिहायला ती कधी शिकलीच नाही. तो गेल्याला चौदा वर्षं झाली.

“रद्दी कागदावर येते हो सही,” सुर्वेबाई म्हणाल्या. “कार्ड पुढे ठेवलं की हात पळतो.”

रमजानचे दिवस होते, चाचीला रोजा होता. साडेबाराला चहा आला तेव्हा ही अकरा माणसं दोन दोनच्या जोडीने आत रेकॉर्डच्या खोलीत जाऊन, उभ्याने, जुन्या लेजरांच्या मधे चहा पिऊन आली. मलाही धाकूने तिकडेच नेलं. त्या अंधाऱ्या खोलीत वाळवीच्या औषधाचा वास होता. कपाटभर लोकांचे अर्ध्या शतकाचे जमाखर्च आणि मधे मी, कपाचा आवाज होऊ नये म्हणून बशीत कप न ठेवता चहा पिणारा. वहीत हे कुठल्या रकान्यात घालायचं ते समजेना.

दोन वाजता दार बंद झालं. चाची आतच राहिली. दुपार लांबत चालली, ऊन फरशीवर आलं आणि तिथेच बसलं. आता कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. भाटकर कॅश जुळवता जुळवता गुणगुणत होता. चाची खिडकीशी डोळे मिटून बसली होती, बोटं मांडीवर हळूहळू काहीतरी काढत होती. मीही तिच्या बोटांवरून डोळ्यांनी फिरत होतो. पुढे येणारी ती लांब रेघ मला आधीच दिसायची, आणि ती येण्याआधीच बोटं थांबायची. किती वेळ गेला सांगता येत नाही. घड्याळ हातात असून मी पाहिलं नाही, हे मी इथे कबूल करतो.

तीनला मॅनेजर नाचणकर कार्डांचे गठ्ठे बांधायला घेऊन बसले. पाचच्या एस. टी.ने गठ्ठे कॉम्प्युटरवर चढवायला कोल्हापूरला जायचे होते. मी सवयीने रजिस्टर ओढलं आणि मेळ घातला. बुधवारी उरलेली कोरी कार्डं मोजून परत गेली होती. शाखेत ठेवली होती बारा : अकरा कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या खात्यांची आणि एक चाचीचं. गिऱ्हाईक आधी, आपण नंतर, म्हणून कर्मचारी शेवटी राहिले होते.

“भरलेली बारा दाखवा,” मी म्हटलं.

नाचणकरांनी चष्मा पुसला. “एक आहे. कोरं.”

“आणि अकरा?”

 मग धाकूने खण उघडला आणि अकरा कार्डं काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येकावर कापऱ्या हाताने ‘कुलसुम सुले’, ‘कुलसुम सु’, एकावर नुसतं ‘कु’. पहिलं कार्ड तिचं. पुढची दहा या लोकांची स्वतःची. उरलेलं कोरं कार्ड मॅनेजरांचं, तेही तिच्यासाठीच राखलेलं.

मी सतरा वर्षांत पैसे खाणारी माणसं बघितली होती, वेळ खाणारी बघितली होती. पण सोमवारपासून आपल्याच बँकेत आपलीच सही चालणार नाही अशी व्यवस्था करून ठेवणारी अकरा माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो.

“हे असं चालणार नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “खराब झालेलं प्रत्येक कार्ड रजिस्टरला वेगळ्या ओळीत लागेल. ज्याच्या हातून खराब झालं त्याची सही लागेल, आणि कारण.”

“माझ्या हातून शाई सांडली,” भाटकर लगेच म्हणाला. “पाचांवर.”

“काहीतरीच काय भाटकर, माझ्या पर्समधे ओली झाली ती,” सुर्वेबाई म्हणाल्या.

“सायेब, उंदरांनी खाल्ली,” धाकू म्हणाला.

“धाकू, ती समोर दिसतायत,” नाचणकर म्हणाले.

“अर्धी खाल्ली, सायेब.”

“गप बसा सगळी!”

चाची उभी राहिली होती. एवढ्या बारीक बाईच्या अंगात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. “रोज्याच्या दिवसांत माझ्या नावावर खोटं बोलताव? मी सांगितलं होतं काय तुमाला? अकराच्या अकरा कार्डं मी खराब केली. मी! हा पुण्याचा सायेब सही मागतो ना? मग माझी घ्या की. मला काय सही येत न्हाय?”

ती तरातरा माझ्या टेबलाशी आली. माझ्याच हातातलं पेन ओढून घेतलं.

“कुठं करू?”

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिने केली. दुसऱ्यावर ठेवलं, केली. रजिस्टरकडे ती बघतसुद्धा नव्हती. बघत होती माझ्या तोंडाकडे, अशा नजरेने की पुण्यात माझ्याकडे बायकोशिवाय कोणी तसं बघितलेलं नाही. “उंदरांनी खाल्ली म्हणे,” ती पुटपुटत होती, “ह्या धाकूला मी पोरवयापासून वळखतंय, तेव्हापासून ह्याचे उंदीर चालूच हायत.” तिसरी, चौथी, पाचवी. रेघ दर वेळी ‘न’पासून सुटायची आणि रकान्याबाहेर शेजारच्या पानाच्या दिशेने निघून जायची.

आठवीच्या सुमारास सुर्वेबाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि तोंडावर हात धरला. त्यांनी १९७१चं कार्ड हळूच रजिस्टरशेजारी सरकवलं. मी सही तपासायचं काम सहा वर्षं केलं आहे. गोलाई तीच, सुटी अक्षरं तीच. तीस वर्षांचा फरक फक्त शाईच्या रंगात होता.

अकरावी झाली.  नाचणकरांनी उरलेलं कोरं कार्ड, स्वतःचं, रजिस्टरच्या पानावर तिच्या हाताखाली सरकवलं. मला काय झालं माहीत नाही, मी बोट आणखी एक ओळ खाली सरकवल्यासारखं त्या कार्डाच्या पहिल्या चौकोनात ठेवलं आणि शक्य तेवढ्या खडूस आवाजात म्हटलं, “अजून तीन राहिल्या.”

“अजून?” चाची म्हणाली. “बारा कार्डं होती काय अकरा? मोजता येत न्हाय तुमाला?” आणि तिने केल्या. एक, दोन, तीन. चौकोन लहान होता म्हणून तिसऱ्या सहीची रेघ थोडी कार्डाबाहेर, माझ्या बोटावर आली.

मग तिने खाली बघितलं.

तिने कार्डावरच्या तिन्ही सह्यांवरून नजर फिरवली. हात आता पुन्हा कापायला लागला होता. तिने पेन सुर्वेबाईंकडे दिलं. सुर्वेबाई शाईवर फुंकर घालत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते, म्हणून नाचणकरांनी कार्ड घाईने लांब केलं, ओलं होईल म्हणून.

रजिस्टर माझ्यापुढे उघडं होतं. अकरा ओळी, अकरा सह्या, शेजारी ‘कारण’ असा रकाना, आणि तो रिकामा. रिकामा रकाना मला झोपू देत नाही. मी पेन मागून घेतलं.

“इथं काय लिवतात?” चाचीने विचारलं.

“कार्डं कशाला वापरली ते.”

तिने ओढणी नीट केली, जरा विचार केला.

“लिवा की मग, हात बसवायला.”

मी अकरा ओळींत अकरा वेळा तेच लिहिलं, ‘हात बसवायला’, आणि खाली माझी सही केली.