थोरल्या सुनेची हनुवटी

"खोटं रडते ही," मावशी म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आहे, पण हनुवटी बघ. हनुवटी मेली मजेत आहे."

मालिकेतली थोरली सून नवऱ्याच्या फोटोसमोर रडत होती. मी ऑफिसला निघता निघता दोन मिनिटं थांबले. टीव्हीचा आवाज नेहमीसारखा बंद. माझ्या दहा महिन्यांच्या मुलीची झोप मोडू नये म्हणून मावशी अशी आवाजाशिवाय मालिका बघतात, याचं मला केवढं कौतुक! ऑफिसात चारचौघींना सांगून झालं होतं.

मी मुळात घाबरट. मुलगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी. तिला सांभाळायला मावशींना ठेवलं, त्याआधी सहा बायका नाकारल्या होत्या. मावशी सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या, हाताला स्वच्छ, वेळेला पक्क्या.

आणि मतं एकदम ठाम. अमुक हिरो म्हातारा झाला, पण मान वळवायची ढब गेली नाही. तमुक नटी बक्षीस समारंभात दुसरीसाठी टाळ्या वाजवते, तेव्हा तळवे एकमेकांना लागतच नाहीत. एका जोडप्याचा घटस्फोट तर त्यांनी छापून यायच्या दोन महिने आधी जाहीर केला होता. "फोटोत तिचा खांदा बघ. त्याच्यापासून पळतोय."

त्या मालिकेचं शीर्षकगीत तेव्हा जो तो गुणगुणत होता. मला ते रडकं वाटायचं, नवऱ्याला आवडायचं. मावशींना विचारलं, तर "बरं आहे की," म्हणून त्या दुपट्यांच्या घड्या घालायला वळल्या. हनुवटीवरही मत असलेल्या बाईला गाण्यावर मत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्या दिवशी ऑफिसातली वीज गेली आणि मी तीनलाच घरी आले. बेल वाजवली. दार उघडलं नाही. रोज सव्वापाचला मावशी दारात उभ्या असायच्या, बेलची वेळच यायची नाही. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं.

मावशी टीव्हीसमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधलेला होता. तो थेट आतल्या खोलीत गेलेला. पोरीला बांधून ठेवलं की काय?

"मावशी!"

मान वळली नाही. पुन्हा हाक मारली. नाही.

मी आत धावले. दोऱ्याचं दुसरं टोक मुलीच्या पलंगाच्या कठड्याला होतं. ती नुकतीच जागी झाली होती. कठडा धरून उभी राहिली, हलवला. दोरा ताणला गेला आणि तिने रडायला तोंड उघडायच्या आत मावशी खोलीत आल्या. मग त्यांना मी दिसले.

मी मुलीला उचलून घेतलं.

"कधीपासून?"

"गिरणीत सव्वीस वर्षं काढली. यंत्रांपुढे तिथे कुणालाच ऐकू यायचं नाही, सगळ्या ओठांवरून बोलायचो. बाहेर पडल्यावर बाकीच्यांचं परत आलं, माझं नाही आलं."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर सातवी नाकारली असतीस."

मी मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"कधी रडून लाल झालेली सापडली का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण जमिनीवर खेळत असेल, घशात काही अडकलं तर?"

"तेव्हा टीव्ही लावत नाही मी. नजर हलवत नाही तिच्यावरून."

"पापणी तर लवते ना, मावशी."

त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले.

"लवते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कठड्याची गाठ एका बोटाने सोडवली आणि दोरा दोन बोटांवर गुंडाळून घेतला. अगदी वर्षानुवर्षं केल्यासारखं. तेवढं झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"उद्यापासून नको ना?"

खाली बघून पुटपुटता आलं असतं, तर मी तेच केलं असतं. पण ते त्यांना कळलं नसतं. त्यांच्या डोळ्यांत बघून, ओठ नीट हलवून म्हणावं लागलं, "नको."

त्यांनी मान डोलावली. दुपटी जागेवर ठेवली, दुधाची बाटली विसळून पालथी घातली. चपला घालताना म्हणाल्या, "चार दिवस झाले, झोपून उठली की पोर काहीतरी म्हणते. ओठ मिटते आणि उघडते. असं दोनदा. आवाज येतो, की नुसतंच तोंड हलवते, ते काही मला समजेना. तुला विचारावंसं फार वाटायचं. पण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मावशी, तुम्ही जवळच होता की."

मुलीच्या गालाला बोट लावून त्या जिना उतरू लागल्या.

मी दारातच उभी होते. मुलगी माझ्या खांद्यावरून जिन्याकडे वाकली. तिने ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले.

आवाज होता. चांगला खणखणीत होता. मावशी पाठमोऱ्या, कठड्याला धरून, खालच्या वळणापर्यंत पोचल्या होत्या.