तांदळातलं नाव

"येणाऱ्यानं एक फोन तं करावा. आता भिजवलेल्या कणकीत दोन माणसं कुठून वाढवू मी?"

स्वयंपाकघरातली ही कुरकुर छायाला भिंतीला कान न लावताच ऐकू आली. वहिनीचा आवाज तसा गोड, फक्त ती पोळपाटाजवळ बसली की खरा व्हायचा. छाया ओसरीतल्या खाटेवर बसून राहिली. शेजारी तिचा नवरा इंद्रभान, स्वतःच्या पायांवरची धूळ पाहत. माहेरी आली होती, पण पाहुणचाराला नाही.

छायाचं माहेरचं नाव निशिगंधा. लग्नात रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि निशिगंधा आईच्या कुलपाच्या पेटीत राहिली, बारावीच्या गुणपत्रिकेसकट. सासरी त्या नावाचं कोणाला काय काम? पुढं भाऊ गोकुळचं लग्न झालं. नवरी डिंपल. त्यानं तांदळात लिहिलं, निशिगंधा. "ताईचं नाव घरात राह्यलं पाह्यजे," म्हणाला. मांडवातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले, आणि सगळ्यांत जास्त रडली ती छायाच.

यंदा अमडापुरात, तिच्या सासरच्या गावी, अंगणवाडीची जागा निघाली. बारावी पास बाई हवी होती, अन् वयाच्या अटीत बसायचं छायाचं हे शेवटचं वर्ष. पेटीतली गुणपत्रिका सापडत नाही असा माहेरून निरोप आला, तेव्हा तिनं दुसरी प्रत काढून अर्ज भरला. काल बुलढाण्याच्या कार्यालयातल्या बाईंनी कॉम्प्युटरमधून मान वर काढली. "तुम्ही तर कामावरच आहात, तीन वर्षं झाली. तुमच्या माहेरच्या गावी. नवऱ्यानं टाकलेली म्हणून जादा गुणही मिळालेत."

टाकणारा नवरा तेव्हा बाहेर बाकावर तिची पिशवी सांभाळत बसला होता.

गोकुळ शेतातून आला. बहिणीच्या हातातली नवी प्रत पाहून तो खुर्चीच्या काठावरच टेकला.

"पडूनच होता न तो कागद, ताई. तुह्या काय कामाचा होता?"

"अन् माहा नवरा? तो बी पडून होता?"

"तसं लिहा लागते. मार्क जास्त भेटतात."

वहिनी पिठाच्या हातानं दारात आली. "घरातल्या घरात समजून घ्या न ताई. मी तुमचंच नाव चालवून राह्यली."

"माहा अर्ज अडकला, डिंपल."

लग्नानंतर या घरात वहिनीला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती.

"मले टाकणारा लिहिलं, त्याचं मले काही नाही," इंद्रभान हळूच म्हणाला. "लोक हसतीन, हसू द्या. पण ह्या जागेची वाट तिनं लय पाह्यली हो."

"तक्रार केली तं हिची नोकरी जाईन, भाऊजी," गोकुळ म्हणाला. " माह्यावर केस होईन. ताई, पुढच्या वेळेस भर न अर्ज."

"पुढच्या वेळेस वय बसत नाही."

कोणीच त्या गोष्टीचं नाव घेत नव्हतं. ते झालं, ते जाऊ दे, एवढंच चाललं होतं.

छाया उठली. "सोमवारी मी बुलढाण्याच्या साहेबापुढं जाऊन राह्यली. अर्ज मांगं घेत नाही. ते विचारतीन, कुलपातला कागद बाहेर कसा आला. काय सांगू मी?"

गोकुळनं मान फिरवली. वहिनी आत गेली. कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली आई, मनकर्णाबाई, इतका वेळ एकेक पान जरा जास्तच निरखत होती. तिनं जुडी खाली ठेवली.

"मी देल्ला," ती म्हणाली. "यानं मांगतला, मी कुलूप काढलं. कशाले पाह्यजे, मले ठाऊक होतं. लेक लोकाच्या घरची, सून आपल्या घरची, असं म्हनलं मी तवा. सांग साहेबाले, मायनंच देल्ला म्हनून."